नौकेचे अंग आणि पाण्याची धार

नौका पाण्यातच असते. तेव्हा ती रात्रंदिवस आपोआप धुतली जात असेल, अशी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसाची समजूत असणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर अल्पावधीतच सूक्ष्म जंतूंचा एक बुळबुळीत थर बसू लागतो. त्या थरावर शेवाळ रुजते. मागोमाग कवचधारी जीव येतात, आणि त्यांत अग्रमान बार्नॅकल या प्राण्याला द्यावा लागेल. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडपांवर अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला जे पांढुरके, धारदार, चिमुकले किल्ले टोचतात, तेच हे बार्नॅकल. बाल्यावस्थेत तो पाण्यात मोकळा पोहतो. मग योग्य जागा निवडून डोके टेकतो, स्वतःच्या अंगातील चिकट द्रव्याने कायमचा चिकटतो आणि भोवती चुनखडीची भिंत बांधून घेतो. चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एका प्राणिवर्गाच्या अभ्यासात घालवली, एवढे सांगितले म्हणजे त्याची योग्यता ध्यानात येईल.

शास्त्रज्ञाला कौतुक वाटावे असा हा प्राणी नाविकाच्या दृष्टीने मात्र चोर आहे. तो वेग चोरतो. गुळगुळीत तळ पाणी कापीत जातो. खडबडीत तळ पाणी ओढीत जातो. कवचांचा दाट थर चढलेले जहाज नेहमीच्या वेगाने न्यायचे, तर इंजिनाला दीडपटीहूनही अधिक शक्ती लावावी लागते. शिडाच्या काळी तर ही वाढीव शक्ती आणायची कोठून, हाच प्रश्न होता. म्हणून नौका धुणे हे नौकानयनाइतकेच जुने काम आहे. आज हे काम प्रेशर वॉशर नावाच्या यंत्राने होते. पंपाने दाबलेले पाणी बारीक तोटीतून सुटते आणि पाहता पाहता शेवाळ निघून जाते. पूर्वी चार माणसांना दिवसभर पुरणारे काम एक माणूस तासाभरात उरकतो. परंतु हे काम निर्धोकपणे कसे करावे, हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आलेला नाही. त्याला दीर्घ इतिहास आहे. आणि हा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते, की मळ काढण्याचे साधन जसजसे प्रबळ होत गेले, तसतशी त्याची इजा तीन ठिकाणी पोहोचत गेली : स्वतः नौकेच्या अंगाला, धुणाऱ्या माणसाला, आणि ज्या पाण्यात हा मळ सोडला जातो त्या पाण्याला. या तिघांचा विचार करतो, तोच निर्धोक धुतो.

न धुतलेल्या नौकांनी काय अनर्थ होतो, याचे एक प्राचीन उदाहरण प्रसिद्ध आहे. अथेन्सच्या आरमाराने सिसिलीतील सिराक्यूज नगराला वेढा घातला होता. सेनापती निकियस याने इ. स. पूर्व ४१४ च्या हिवाळ्यात मायदेशी एक पत्र धाडले. त्याचा आशय थुसिडिडीझ या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. आपली जहाजे फार दिवस पाण्यात राहून भिजून जड झाली आहेत. ती किनाऱ्यावर ओढून सुकवावीत, तर शत्रूची तितकीच जहाजे समोर सज्ज आहेत, त्यामुळे ते करता येत नाही, असे गाऱ्हाणे त्याने मांडले होते. पुढच्याच वर्षी ते आरमार सिराक्यूजच्या बंदरात नष्ट झाले. या पराभवाला कारणे अनेक होती. पण सेनापतीने आपल्या अडचणी सांगताना नौका सुकवण्याची सवड नाही ही अडचण आवर्जून सांगावी, यावरून त्या कामाचे महत्त्व कळते. नौकेला विश्रांती लागते, हे सत्य तेव्हाही ठाऊक होते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही विश्रांती निसर्गच सक्तीने देतो. मृगाचे ढग दिसू लागले, की नौका उधाणाच्या भरतीचा फायदा घेऊन वर ओढायच्या, माडाच्या झापांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही येथली जुनी रीत. या अवधीत तळ खरवडला जाई, फळ्यांचे सांधे कापूस आणि राळ घालून नव्याने बुजवले जात आणि लाकडाला माशाचे तेल पाजले जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी, याचा विचार त्यात केलेला आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी मराठी आरमाराच्या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. भरतीचे पाणी जहाज आत आणी आणि ओहोटी त्याला कोरडे करी. चंद्राच्या बळावर चालणारी ही व्यवस्था होती. तीत घाई नव्हती. पण दगाही नव्हता.

लांब पल्ल्याच्या जहाजांना मात्र अशी सवड नसे. त्यांना वाटेत एखादी वाळूची पुळण गाठून, ओहोटीला कुशीवर कलते करावे लागे. मग वाळक्या काटक्यांचे पेटते भारे तळाशी धरून शेवाळ जाळीत आणि डांबर मऊ करीत. त्यानंतर लोखंडी खरवडण्यांनी सारा मळ उतरवीत. शेवटी चरबी, राळ आणि गंधक यांचे मिश्रण फासून जहाज दुसऱ्या कुशीवर वळवीत. लाकूड, डांबर आणि विस्तव एकत्र आणणारे हे काम किती जोखमीचे, हे सांगावयास नको. एवढे करूनही काही महिन्यांत तळ पुन्हा पूर्ववत होई. शिवाय उष्ण समुद्रांत टेरेडो नावाचा किडा फळ्यांना आतून पोखरीत असे. म्हणून धुण्याचे काम मुळातच टाळता येईल असे एखादे चिलखत तळाला चढवावे, ही कल्पना पुढे आली.

शिशाचा पत्रा ग्रीक आणि रोमन लोकांनी वापरून पाहिला होता. परंतु तो जड आणि मऊ. इंग्रजी आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेट जहाजाचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवून ते वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात पाठवले. दोन वर्षांनी जहाज परत आले, तेव्हा परिणाम पाहून तज्ज्ञ चकित झाले. पत्रा जेथे शाबूत होता तेथे शेवाळ जवळजवळ नव्हते, किड्याने लाकडाला स्पर्श केला नव्हता. पण आनंदाबरोबर चिंताही आली. ज्या लोखंडी खिळ्यांनी आणि बोल्टांनी जहाजाचे अंग एकत्र धरले होते, ते तांब्याच्या सान्निध्यात झिजून गेले होते. पत्र्याखाली लावलेला तपकिरी कागद काही ठिकाणी तसाच राहिला होता. तेथले लोखंड तेवढे वाचले होते.

दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले म्हणजे विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो, हे आज शाळेतील मुलगाही सांगेल. व्होल्टाने आपली विद्युतघटमाला जगापुढे मांडली ती १८०० मध्ये. ‘अलार्म’ परत आले १७६३ मध्ये. कारण कळण्याआधी परिणाम दिसला होता. तरीही युद्धाच्या निकडीत १७७९ पासून अवघ्या दोन-तीन वर्षांत बहुतेक इंग्रजी आरमार तांब्याने मढवले गेले. वेग वाढला, गोदीतल्या खेपा कमी झाल्या. पण आतले लोखंड झिजतच राहिले. अखेर बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे वापरावे लागले. बाहेरून लखलखीत दिसणारा तळ आतून खिळखिळा असू शकतो, हा पहिला धडा. स्वच्छतेची परीक्षा डोळ्यांनी होते. नौकेच्या अंगाची परीक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या सांध्यांत होते.

दुसरा धडा याहून कठोर आहे. २९ ऑगस्ट १७८२ या दिवशी ‘रॉयल जॉर्ज’ हे शंभर तोफांचे इंग्रजी युद्धनौकेचे धूड पोर्टस्मथजवळ स्पिटहेड येथे नांगरून उभे होते. पाण्याच्या पातळीखाली एका नळाची लहानशी दुरुस्ती करावयाची होती. त्यासाठी गोदीत नेण्याची तसदी न घेता, एका बाजूच्या तोफा बाहेर आणि दुसऱ्या बाजूच्या मध्याकडे सरकवून, जहाज जागच्या जागी कलते केले गेले. पाणी शांत होते, किनारा जवळ होता, आणि काम थोड्या वेळाचे होते. जहाजावर खलाशांच्या भेटीस आलेल्या बायका-मुलांची गर्दी होती. सामानाची पिंपे चढवली जात होती, आणि तीही खाली झुकलेल्या बाजूनेच. तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत शिरू लागले. सुताराने धोक्याची सूचना दिली होती, पण अधिकाऱ्याने ती मनावर घेतली नाही, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. जहाज पाहता पाहता बुडाले. अॅडमिरल केम्पेनफेल्ट यांच्यासह सुमारे नऊशे माणसे गेली.

लष्करी न्यायालयाने पुढे जहाजाचे लाकूड कुजले असल्याचा निष्कर्ष काढून अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. कारण कुजलेले लाकूड असो, की दुर्लक्षिलेली सूचना असो; ज्यांनी प्राण गमावले ते लढाईत नव्हते, वादळात नव्हते, एका किरकोळ वाटणाऱ्या देखभालीच्या कामात होते. मोठ्या धोक्यापुढे माणूस सावध असतो. किरकोळ कामापुढे तो बेसावध असतो. नौका पूर्ण कोरडी करून, भक्कम टेकूंवर उभी करून मगच तिच्या तळाला हात लावावा, हे तत्त्व सुक्या गोदीमागे आहे. मुंबई बंदरातील पहिली सुकी गोदी १७५० मध्ये पुरी झाली, आणि वाडिया घराण्याच्या कुशल कारागिरांनी त्या बंदराचे नाव जगभर केले. १८१७ मध्ये तेथे पाण्यात लोटलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्यापही तरंगते आहे. उत्तम लाकूड आणि शिस्तीची देखभाल यांचे हे फळ होय.

आता तिसऱ्या इजेकडे, म्हणजे पाण्याकडे वळू. तांब्यावर शेवाळ का धरत नाही, याचे उत्तर विचित्र प्रयोगातून मिळाले. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाने तांब्याची झीज थांबवण्याची एक युक्ती सुचवली. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, की झीज त्या तुकड्यांची होते आणि तांबे सुरक्षित राहते. युक्ती शास्त्रदृष्ट्या अचूक ठरली. तांबे झिजेनासे झाले. परंतु त्याच तांब्यावर शेवाळ आणि बार्नॅकल मुकाट्याने चढू लागले! म्हणजे तांबे शेवाळाला दूर ठेवत होते ते आपल्या गुळगुळीतपणाने नव्हे, तर कणाकणाने विरघळून, भोवतालच्या पाण्यात विष सोडून. ‘स्वच्छ’ तळाचा अर्थ तेव्हा उघड झाला. नौका स्वच्छ राहते, कारण पाणी थोडे थोडे विषारी होत असते.

लोखंडी जहाजे आली तेव्हा तांब्याचा पत्रा चढवणे अशक्य झाले. कारण ‘अलार्म’च्या बोल्टांची जी गत झाली तीच साऱ्या जहाजाची झाली असती. म्हणून विषारी द्रव्ये मिसळलेले रंग निघाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्युटिल टिन, संक्षेपाने टीबीटी, हे कथिलाचे संयुग या रंगांत वापरले जाऊ लागले. त्याच्या गुणाने मालक संतुष्ट झाले. पाच-पाच वर्षे तळ स्वच्छ राहू लागला. मग फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्काशोंच्या उपसागरातून तक्रारी येऊ लागल्या. तो कालवांच्या शेतीचा प्रसिद्ध मुलूख. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कालवांची नवी वीण धरेनाशी झाली, वाढलेल्या कालवांची कवचे वेडीवाकडी, फुगीर होऊ लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका जातीच्या सागरी गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटल्याचे आढळले. शोध घेता घेता बोट त्या रंगाकडे वळले.

फ्रान्सने १९८२ मध्ये पंचवीस मीटरपेक्षा लहान नौकांवर या रंगाला बंदी केली. ब्रिटनने १९८७ मध्ये तेच पाऊल उचलले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार २००१ मध्ये संमत झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पहिली बंदी आली ती लहान नौकांवर. महासागरात फिरणारे जहाज आपले विष अफाट पाण्यात सोडते. उपसागरात नांगरून पडलेल्या शेकडो लहान होड्या तेच विष कालवांच्या दारात सोडतात. ‘माझी एवढीशी होडी, तिने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर आर्काशोंच्या कालवेकऱ्यांनी आपल्या बुडालेल्या धंद्याने दिले आहे.

या पार्श्वभूमीवर पाण्याच्या धारेचे यंत्र पाहिले पाहिजे. दाबलेल्या पाण्याचे सामर्थ्य माणसाने प्रथम मोठ्या प्रमाणावर ओळखले ते नौकेच्या गोदीत नव्हे, तर सोन्याच्या खाणीत. कॅलिफोर्नियात १८५३ पासून उंचावरचे पाणी नळांतून आणून, त्याच्या प्रचंड धारेने डोंगरच्या डोंगर धुऊन सोने वेगळे करीत. डोंगर धुतला गेला. पण त्याचा गाळ नद्यांत गेला, नद्या उथळ झाल्या, पूर आले आणि खालच्या खोऱ्यातील शेते गाळाखाली गेली. शेवटी १८८४ मध्ये न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी असा गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. धुणारा वर असतो, भोगणारा खाली असतो. ही गोष्ट त्या निकालाने कायद्यात नोंदवली. हाताळता येईल असे धुण्याचे यंत्र पुढच्या शतकात निघाले. अमेरिकेत १९२० च्या दशकात वाफेची धुलाई यंत्रे आली. जर्मनीत १९५० मध्ये आल्फ्रेड केर्शर यांनी गरम पाण्याचे दाबयंत्र बनवले. तेथून ते गोदीत, गॅरेजात आणि आता घरोघर आले आहे.

या यंत्राचे बळ नीट समजले, तर बहुतेक नियम आपोआप सुचतात. आपल्या घरच्या नळाला दोन-तीन बार दाब असतो. यंत्रातील दाब सामान्यतः शंभर ते दोनशे बार असतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम. दीडशे बार दाबाचे पाणी तोटीतून सुटते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरहून अधिक असतो. ते तेच पाणी असते ज्याने आपण तोंड धुतो. परंतु त्या वेगाने ते पाणी राहत नाही, पटाशी होते. सुदैवाने हे बळ अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. हवेत पसरलेली धार मऊ होते. म्हणून दाब वाढवण्यापेक्षा अंतर आणि कोन यांवर ताबा ठेवणे, हेच या कामातील खरे कसब आहे.

प्रथम नौकेचे अंग. एका रेषेत जाणारी टोकदार धार तळावर कधीही वापरू नये. पंख्यासारखी पसरणारी धार वापरावी. सुरुवात हातभर अंतरावरून करावी, एखाद्या आडबाजूच्या वितीएवढ्या जागेवर पाहून घ्यावे, आणि गरज पडली तरच हळूहळू जवळ जावे. धार सरळ समोरून न मारता तिरकी ठेवावी आणि एका जागी थांबू देऊ नये. लाकडी नौकेत मोठा धोका सांध्यांना असतो. फळ्यांमधील कापूस आणि राळ धारेने उपटून निघते. मऊ लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या हंगामात तेथेच शेवाळ अधिक घट्ट धरते. फायबरच्या नौकेत वरच्या चकचकीत थराला बारीकशी चीर असली, तर पाणी तिच्यातून आत घुसून तो थर उचलते. पंख्याच्या दांड्याचे जोड, इंजिनाची हवेची छिद्रे, विजेच्या पेट्या यांच्यावर धार धरू नये. नौका वर ओढल्याबरोबर, शेवाळ ओले असतानाच धुवावे. ते वाळले म्हणजे दुप्पट जोर लागतो. आणि बार्नॅकल धारेने उडवण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी लाकडाची किंवा प्लास्टिकची खरवडणी हेच योग्य हत्यार.

दुसरे, धुणाऱ्याचे अंग. त्वचा भेदण्यास सात बारच्या आसपासचा दाबही पुरेसा ठरू शकतो; यंत्रात त्याच्या कितीतरी पट असतो. अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही. पण आत पाणी, रंगाचे कण आणि जंतू खोलवर शिरलेले असतात. ‘एवढेसे तर लागले’ म्हणून पट्टी बांधून पुन्हा कामाला लागणारा माणूस बोट किंवा हात गमावू शकतो. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे आणि जखम दाबाच्या धारेने झाली आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. धार माणसावर कधीही, गमतीनेही, रोखू नये. धुवायची वस्तू दुसऱ्या हातात धरू नये. तोटी बदलण्यापूर्वी यंत्र बंद करून आतला दाब सोडावा. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत जाड बूट हवेत. चपला घालून हे काम करू नये. शिडीवर चढून धार सोडू नये, कारण धारेचा उलटा धक्का तोल घालवतो. तळाखालचे टेकू कोणी हलवणार नाही, याची खात्री करूनच खाली जावे.

शक्तीच्या उगमाचाही विचार हवा. विजेवरच्या यंत्राला, गळती होताच प्रवाह तोडणारी कळ असलीच पाहिजे. वायरीचे जोड ओल्या जमिनीवर पडू देऊ नयेत. पेट्रोलवरच्या यंत्राची भीती निराळी. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९९२-९३ च्या सुमारास, डुकरांच्या बंदिस्त गोठ्यांत अशी यंत्रे चालवणाऱ्या काही शेतकऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्याची नोंद तेथील सरकारी आरोग्यपत्रात आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून झापांच्या बंद मांडवात किंवा गोदामात पेट्रोलचे यंत्र चालवू नये; दारे-खिडक्या उघडल्या म्हणजे भागले, असेही समजू नये.

तिसरे, पाणी. जुन्या तळाच्या बहुतेक रंगांत आजही तांबे असते, आणि फार जुन्या थरांत त्याहून वाईट द्रव्ये असू शकतात. धार ते सारे काही मिनिटांत उतरवते. जे विष दोन वर्षांत थेंबाथेंबाने सुटावयाचे, ते एका दुपारी खाडीत जाते. आर्काशोंमध्ये जे घडले ते थेंबाथेंबाने घडले होते, हे विसरू नये. याखेरीज उतरलेल्या मळात जिवंत प्रवासीही असतात. काळ्या पट्ट्यांचा एक लहानसा शिंपला, मूळचा मध्य अमेरिकेकडचा, १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पोहोचला. तोच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरात दिसताच तेथील अधिकाऱ्यांनी नौकातळ बंद करून, सारे पाणी औषधांनी मारून त्याचा नायनाट केला. पण त्यासाठी त्या पाण्यातील इतर जीवांचाही बळी द्यावा लागला. गोव्यात दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या चिकटणाऱ्या जीवांचा अभ्यास होत आला आहे, तो या कारणानेच.

उपाय अवघड नाहीत. नौका भरतीरेषेच्या बऱ्याच वर, शक्य तर पक्क्या फरशीवर घ्यावी. खाली ताडपत्री पसरावी, कडा उंच कराव्यात, पाणी एका खड्ड्याकडे वळवावे आणि गाळून घ्यावे. खाली साचलेला रंगाचा आणि कवचांचा गाळ पाण्यात न लोटता वेगळा भरून ठेवावा, आणि अशा घातक कचऱ्याची व्यवस्था जेथे होते तेथे तो द्यावा. जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. लहान बंदरांत प्रत्येकाला फरशी आणि खड्डा परवडणार नाही; तेथे मच्छीमार संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने एकच धुण्याचा कट्टा बांधावा, हे सर्वांच्या हिताचे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. शेकडो नौका एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात आणि एकाच वेळी धुतल्या जातात. मग पाऊस तो सारा मळ खाडीत नेतो. त्याच खाडीत ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून तिसऱ्या आणि कालवे वेचतात. त्या कोणाच्या नौकेच्या मालक नसतात. नौका स्वच्छ झाल्याचा लाभ त्यांना नाही, पण धुणाचा वाटा मात्र त्यांच्या टोपलीत येतो.

सारांश, निकियसच्या काळी नौका धुण्याला सवड नव्हती; आपल्या काळी सवड आहे, साधन आहे, आणि ज्ञानही आहे. तांबे आले तेव्हा बोल्ट झिजतील हे कोणाला ठाऊक नव्हते. टीबीटी आले तेव्हा कालवे मरतील हे कोणी सांगितले नव्हते. पाण्याच्या धारेविषयी मात्र आपल्याला असे म्हणता येणार नाही. ती सांधे उपटते हे दिसते, कातडी भेदते हे सिद्ध झाले आहे, आणि तिने उतरवलेले विष कोठे जाते हे खाडीकाठच्या पोरासही कळते. तेव्हा धुण्याचे काम पुरे झाले असे केव्हा म्हणावे? तळ चकाकला म्हणजे नव्हे. सांधे जागेवर आहेत, धुणारा धडधाकट घरी गेला आहे, आणि खालचा गाळ भरतीच्या पाण्याला लागण्यापूर्वी उचलला गेला आहे, एवढी तपासणी झाली म्हणजे मग नारळ वाढवून नौका खुशाल पाण्यात लोटावी.